सत्तावीस बिऱ्हाडांचा वाडा

ज्या सभेला आपण गैरहजर असतो, नेमक्या त्याच सभेत आपली एखाद्या समितीवर एकमताने निवड होते, हा सार्वजनिक जीवनातला एक अढळ नियम आहे. गेल्या वर्षी आषाढात आमच्या शिक्षणसंस्थेच्या नियामक मंडळाची सभा भरली, त्या दिवशी मला सर्दी झाली होती. दुसऱ्या दिवशी महाविद्यालयात पाऊल टाकतो न टाकतो तोच शिपायाने चिटणिसांचे पत्र हातात ठेवले. संस्थेच्या सर्व शाखांच्या संकेतस्थळांसाठी योग्य प्लॅटफॉर्म निवडण्याच्या कामी आपली नियुक्ती करण्यात येत आहे, असा मजकूर होता.

मी मराठीचा प्राध्यापक. मला माहीत असलेला प्लॅटफॉर्म म्हणजे ज्यावर उभे राहून चहा पीत पॅसेंजरची वाट पाहतात तो. मी चिटणिसांना तसे सांगितलेही. ते म्हणाले, "काही हरकत नाही. निदान शुद्धलेखन तरी बघाल!"

संस्थेच्या नऊ महाविद्यालयांची, सतरा शाळांची आणि एका वसतिगृहाची मिळून सत्तावीस संकेतस्थळे आहेत. ती ज्याने त्याने, ज्याला जशी सुचली तशी उभारली. कुठे एखाद्या माजी विद्यार्थ्याने हौसेने करून दिले, कुठे प्राचार्यांच्या भाच्याने. सत्तावीस घरे, सत्तावीस कुलपे, आणि किल्ल्या कोणाकडे आहेत हे बहुतेक ठिकाणी कोणालाच ठाऊक नाही, अशी स्थिती होती. तरी या घरांवरून वर्दळ थोडीथोडकी नव्हे. निकालाच्या दिवशी आणि प्रवेशाच्या आठवड्यात हजारो मुले आणि त्यांचे आईबाप एकाच वेळी दार ठोठावतात.

पत्र खिशात घालून मी ते विसरूनही गेलो असतो. पण दोन गोष्टी अशा घडल्या होत्या, की विसरणे जमेना.

पहिली गोष्ट माझ्या एम. ए. च्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याची. त्याला दृष्टी नाही. संगणकावर तो एनव्हीडीए नावाची यंत्रणा वापरतो. ती फुकट मिळते, आणि पडद्यावरचा मजकूर मराठीतसुद्धा वाचून दाखवते. मुलगा हुशार, माझी व्याख्याने त्याला माझ्यापेक्षा जास्त आठवतात. त्या वर्षी परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत त्याच्या हातून चुकली आणि विलंब शुल्क भरावे लागले. मी जरा रागावूनच विचारले, "अरे, सूचना आठ दिवस संकेतस्थळावर होती. तू ऐकली कशी नाहीस?"

तो शांतपणे म्हणाला, "ऐकली ना सर. ती फक्त 'ग्राफिक' एवढंच म्हणाली."

मी घरी जाऊन पाहिले. कार्यालयाने सूचना टंकून, सहीशिक्का मारून, मोबाइलवर तिचा फोटो काढून तो चढवला होता. फोटोला अक्षरे नसतात, फक्त ठिपके असतात. वाचणाऱ्या यंत्रणेला त्यात वाचण्यासारखे काही सापडले नाही. डोळसांसाठी ती सूचना होती. त्याच्यासाठी कोरी भिंत होती. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा आपल्याकडे २०१६ साली झाला. आमच्या भिंतीपर्यंत तो पोचला नव्हता.

दुसरी गोष्ट माझ्या स्वतःच्या जिव्हाळ्याची. २०२० आणि २०२१ या दोन साथीच्या वर्षांत आमच्या वार्षिकांकाची छपाई झाली नाही. मी संपादक होतो. आम्ही दोन्ही अंक केवळ संकेतस्थळावर प्रसिद्ध केले. घरात कोंडलेल्या मुलांनी त्या अंकांत जे लिहिले, तसे मी वीस वर्षांत वाचले नव्हते. पुढे एके दिवशी संकेतस्थळ उघडेना. चौकशी केली तेव्हा कळले, की स्थळाचा पत्ता, म्हणजे ज्याला डोमेन म्हणतात तो, महाविद्यालयाच्या नावावर नव्हताच. ज्याने स्थळ बांधले त्या कंत्राटदाराच्या नावावर होता. त्याने धंदा बंद केला, पत्त्याचे वार्षिक भाडे थकले, आणि दोन वर्षांचे लेखन गेले. इंटरनेट आर्काइव्ह ही अमेरिकेतील संस्था १९९६ पासून जगभरच्या संकेतस्थळांच्या नकला जपून ठेवते. तिथेही शोधले. आमच्या स्थळाचे पहिले पान मिळाले. अंक मिळाले नाहीत.

तेव्हा समितीचे काम मी अंगावर घेतले ते पश्चात्तापाने म्हणा, रागाने म्हणा. उत्साहाने खास नव्हे.

आधी प्लॅटफॉर्म म्हणजे काय हे समजून घेणे भाग होते. मजकूर कुठे लिहायचा, तो कुठे साठवायचा, त्यात कोणी फेरफार करायचे आणि कोणी करायचे नाहीत, आणि तो वाचणाऱ्याच्या पडद्यावर कसा मांडायचा, ही सगळी व्यवस्था पाहणारी यंत्रणा म्हणजे प्लॅटफॉर्म. स्थळ एकच असेल तर निवड चुकली तरी निभावते. सत्तावीस असली, की चूकही सत्तावीसपट होते.

आमच्यापुढे तीन गृहस्थ आले. पहिला वर्डप्रेसचा पुरस्कर्ता. ही यंत्रणा २००३ साली मॅट मलनवेग आणि माइक लिटल या दोघांनी एका जुन्या, बेवारस होत चाललेल्या यंत्रणेवरून पुढे चालवली. मूळ हेतू दैनंदिनीवजा लेखन सोपे व्हावे एवढाच. आज जगातील दर पाच संकेतस्थळांपैकी सुमारे दोन तिच्यावर चालतात. दुसरा गृहस्थ द्रुपलवाला. ड्राइस बाउटार्ट या बेल्जियमच्या विद्यार्थ्याने वसतिगृहातल्या मित्रांसाठी केलेली ही यंत्रणा २००१ साली सर्वांना खुली झाली. नावाच्या मुळाशी थेंब या अर्थाचा डच शब्द आहे, हे ऐकून मला बरे वाटले. थेंबे थेंबे तळे साचे, हे तिकडेही ठाऊक आहे तर! तिसऱ्या गृहस्थाची यंत्रणा त्याच्या कंपनीची स्वतःची होती. वर्षाला ठरावीक भाडे भरायचे. बाकी सगळे ते बघणार.

जूमला नावाची चौथी एक यंत्रणा आमच्या एका जुन्या महाविद्यालयात आधीच नांदत होती. २००५ सालची ही यंत्रणा. नाव स्वाहिली भाषेतले, अर्थ 'सगळे मिळून'. ऐकताच माझे कान टवकारले. मूळ अरबी शब्द एकच. तो आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरला तसा आपल्या दप्तरांतही उतरला आणि बेरजेला आपण जुमला म्हणू लागलो. गंमत अशी, की नावात सगळे मिळून असले, तरी एका छपराखाली अनेक स्थळे नांदवण्याची सोय तिच्या मूळ यंत्रणेत नाही. नावावर जाऊ नये म्हणतात ते असे.

आमच्या कार्यालयाचे हेडक्लार्क भाऊसाहेब समितीवर होते. तीस वर्षे त्यांनी संस्थेचे कागद सांभाळले आहेत. तिन्ही गृहस्थांची तास-तासभर भाषणे ऐकल्यावर त्यांनी एका वाक्यात निकाल लावला. "सर, हे वाडा, बंगला आणि भाड्याची खोली असं चाललंय."

मला ती उपमा इतकी पटली, की पुढे समितीच्या टिपणांतही तीच वापरली.

वाडा म्हणजे एकाच यंत्रणेवर अनेक स्थळे. वर्डप्रेसमध्ये ही सोय २०१० पासून मूळ यंत्रणेतच आहे. छप्पर एक, आड एक, दिंडीदरवाजा एक. आत प्रत्येकाचे बिऱ्हाड वेगळे, रंग वेगळा, चूल वेगळी. डागडुजी एकदा केली, की सत्तावीस बिऱ्हाडांची होते. द्रुपलातही वाडा बांधता येतो. तिथे कोठार, म्हणजे डेटाबेस, प्रत्येक बिऱ्हाडाचे वेगळे राहते. असे वाडे चालतात यात शंका नाही. आपल्या देशातल्या शेकडो जिल्ह्यांची सरकारी स्थळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या एकाच चौकटीवर उभी आहेत. पण वाड्याचा दोष वाड्यात राहिलेल्यांना सांगायला नको. एकाच्या चुलीतली ठिणगी सगळ्यांच्या आढ्याला लागते.

बंगला म्हणजे प्रत्येक स्थळाची यंत्रणा स्वतंत्र. आग लागली तर एकट्याला लागेल. पण सत्तावीस बंगल्यांना सत्तावीस पहारेकरी हवेत, आणि आमच्याकडे धड एकही नव्हता.

भाड्याच्या खोलीत सुख पुष्कळ. नळ गळला तर मालक बघतो. पण भाडे वाढवले तर? मालकाने घरच पाडायचे ठरवले तर? जिओसिटीज नावाच्या वसाहतीत जगभरच्या हौशी लोकांनी आपापली पाने थाटली होती. तिच्या मालकाने, याहू कंपनीने, ती २००९ च्या ऑक्टोबरात बंद केली. ज्यांनी वेळेवर सामान हलवले त्यांचे वाचले.

स्वतःचा वाडा बांधला तरी झोप लागेलच असे नाही. १५ ऑक्टोबर २०१४ ची हकीकत द्रुपलवाल्या गृहस्थाने स्वतःच प्रामाणिकपणे सांगितली. त्या यंत्रणेत एक मोठे भगदाड सापडले, आणि ते बुजवण्याचे साहित्य त्याच क्षणी जगाला जाहीर झाले. पुढे दोन आठवड्यांनी यंत्रणेच्या रक्षकांनी बजावले, की घोषणेनंतर सात तासांच्या आत ज्यांनी भगदाड बुजवले नाही, त्यांनी आपल्या घरात चोर शिरला असेच समजून चालावे. ते सात तास आपल्या घड्याळात कोणते, हे मी मांडून पाहिले. रात्री साडेनऊ ते पहाटे साडेचार! दिवाळी आठवड्यावर आलेली. आपल्याकडे त्या रात्री कोण जागे होते?

वर्डप्रेसच्या घरीही सगळे आलबेल आहे असे नाही. २०२४ च्या सप्टेंबरात वर्डप्रेसच्या संस्थापकाचे आणि ती यंत्रणा भाड्याने चालवणाऱ्या एका मोठ्या कंपनीचे भांडण जुंपले. त्या कंपनीच्या सर्व्हरांना नव्या दुरुस्त्या जिथून मिळतात ते दारच बंद करण्यात आले, आणि ज्यांचा भांडणाशी काही संबंध नाही अशा ग्राहकांची स्थळे अडून बसली. यंत्रणा फुकट असली, तरी तिला घरमालक नसतोच असे म्हणता येत नाही.

इथवर आल्यावर माझी स्थिती लग्नाच्या मुलीच्या बापासारखी झाली. प्रत्येक स्थळात गुण होते आणि प्रत्येकात एकेक खोट निघत होती. द्रुपलात दोन भाषांची सोय मूळ यंत्रणेतच चांगली. कोणाला काय लिहिण्याचा अधिकार, याची वाटणी बारकाईने करता येते. पण ते चालवायला जाणता कारागीर हवा. शिवाय २०११ साली आलेली तिची सातवी आवृत्ती जानेवारी २०२५ मध्ये निवृत्त झाली. त्या आवृत्तीवरून पुढे जायचे म्हणजे डागडुजी नव्हे, घर नव्याने बांधणे. वर्डप्रेस शिकायला सोपे, माणसे गल्लीगल्लीत मिळतात. पण दोन भाषांसाठी आणि लहानसहान सोयींसाठी बाहेरची पुरवणी-यंत्रे, ज्यांना प्लगइन म्हणतात ती, जोडावी लागतात, आणि चोर बहुधा त्याच खिडकीतून येतात.

मला वाट दाखवली ती माझ्या स्वतःच्या विषयाने. त्या सुमारास मी वर्गात महानुभाव वाङ्मय शिकवत होतो. पंथाच्या मंडळींनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत जपून ठेवले. त्यामागे त्यांची श्रद्धा होती, काळजी होती. पण त्यामुळे आद्य मराठी गद्याचा ठेवा शतकानुशतके बाहेरच्या वाचकाला बंद राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी लिपीची किल्ली अभ्यासकांच्या हाती आली, तेव्हा मराठी वाङ्मयाचा इतिहासच नव्याने लिहावा लागला. हे सांगता सांगता मी फळ्यापाशीच थांबलो. ग्रंथ जपला एवढ्याने भागत नाही. तो दुसऱ्याला उघडता आला पाहिजे. आमचे दोन अंक हरवले ते यंत्रणा वाईट होती म्हणून नव्हे. बाहेर काढण्याची वाट आमच्या हातात नव्हती म्हणून.

पुढच्या बैठकीत मी तिन्ही गृहस्थांना विचारले, "तुमच्या घरात शिरायचे कसे, हे तुम्ही उत्तम सांगितलेत. आता निघायचे कसे ते दाखवा. हे एका महाविद्यालयाचे स्थळ. ते तुमच्या यंत्रणेत मांडा. मग त्यातला सगळा मजकूर आणि चित्रे बाहेर काढून आमच्या हातात द्या. अशा रूपात, की उद्या दुसऱ्या कोणालाही ती उघडता येतील."

भाऊसाहेबांनी आपली परीक्षा जोडली. "आणि मी माझ्या टेबलावरून, कोणाला न विचारता, एक सूचना चढवून बघणार."

तिसरी परीक्षा माझ्या विद्यार्थ्याची. ती सूचना तो ऐकून बघणार.

आठ दिवसांनी निकाल लागला. भाड्याच्या खोलीवाल्याने सांगितले, की मजकूर बाहेर काढण्याची सोय सध्या नाही, पण हवे तर सर्व पानांच्या पीडीएफ देता येतील. म्हणजे घर सोडताना सामानाऐवजी सामानाचे फोटो! त्याला आम्ही चहा देऊन निरोप दिला. द्रुपलवाल्याने सगळे नीट काढून दिले. त्याच्या कामाला नाव ठेवायला जागा नव्हती. पण भाऊसाहेबांची सूचना चढेना. दोनदा प्रयत्न करून ते हसून म्हणाले, "सर, वस्तू अस्सल आहे. पण ही चालवायला मला आणखी एक भाऊसाहेब लागेल." वर्डप्रेसवाल्याने एका साध्या फाइलीत सगळा मजकूर दिला, चित्रांचे गाठोडे वेगळे बांधले. भाऊसाहेबांची सूचना दहा मिनिटांत चढली.

एक धडा मात्र सर्वांकडून सारखाच मिळाला. जुन्या पानांवरचा मराठी मजकूर बाहेर आला तो रोमन अक्षरांचा कचरा होऊन. तो जुन्या फाँटांत टंकलेला होता. आत साठवलेली अक्षरे रोमन, वरून फक्त देवनागरीचा मुखवटा. मुखवटा गेला की खाली काही नाही. युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्वतःची जागा मिळाली होती. आमच्या कार्यालयाला ती घ्यायला पुढे वीस वर्षे लागली. यात कोणत्याही यंत्रणेचा दोष नव्हता. आमचा होता.

निर्णय असा झाला: सतरा शाळा, वसतिगृह आणि चार लहान महाविद्यालये मिळून बावीस स्थळांचा वर्डप्रेसवर एक वाडा. पाच मोठ्या महाविद्यालयांना त्याच यंत्रणेचे पाच स्वतंत्र बंगले. आग लागली तर सगळे एकदम जळू नये म्हणून. नवे प्लगइन समितीच्या परवानगीशिवाय जोडायचे नाही. निकालाच्या दिवसासाठी कॅशिंगची व्यवस्था. ही गोष्ट पंगतीची उपमा दिल्यावरच मला कळली. एरवी यंत्रणा येणाऱ्या प्रत्येकासाठी पान नव्याने तयार करते. हजार पाहुणे एकदम बसल्यावर प्रत्येकाची पोळी मागेल तेव्हा लाटायची म्हटली, तर आचारी कोसळणारच. पोळ्या आधी लाटून ठेवायच्या, एवढेच. जुने वार्षिकांक साध्या, स्थिर पानांच्या रूपात वेगळे ठेवायचे, म्हणजे उद्या कोणतीही यंत्रणा नसली तरी ते वाचता येतील. रोज रात्री एक नक्कल दुसऱ्या गावच्या सर्व्हरवर जाईल. आणि सत्तावीस पत्ते संस्थेच्या नावावर, किल्ल्या संस्थेच्या तिजोरीत.

शेवटचे कलम होते पगारी माणसाचे. इथे चिटणीस अडले. "यंत्रणा फुकट आहे असे तुम्हीच लिहिलेत. मग पगार कशाचा?"

मी म्हणालो, "साहेब, आडाचे पाणीही फुकटच असते. पण गाळ उपसायला माणूस लागतो. २०१४ च्या त्या रात्री आडात नव्हे, माणसांत कमतरता होती."

चिटणीस बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. शेवटी पूर्ण वेळेचा माणूस मंजूर झाला नाही. अर्ध्या वेळेचा झाला. दुसरा अर्धा पुढच्या अंदाजपत्रकात मागायचा आहे. ज्यांना यंत्रणा निवडायची आहे अशा इतर संस्थांना माझा अनुभवाचा एवढाच सल्ला, की कोणती यंत्रणा हा प्रश्न दुसरा. निघण्याची वाट आपल्या हातात आहे का, आणि घर झाडणारा कोण, हे आधी विचारावे. या दोन प्रश्नांची उत्तरे ठीक असतील, तर साधी यंत्रणाही पुष्कळ वर्षे सोबत करते. नसतील, तर उत्तम यंत्रणाही एके दिवशी उघडत नाही.

हरवलेल्या अंकांचे काय झाले, असे वाचक विचारतील. लीळाचरित्राची मूळ पोथी धामधुमीत नाहीशी झाली, तेव्हा पंथातल्या मंडळींनी ते आठवून आठवून पुन्हा सिद्ध केले. आमची मजल तेवढी नाही. मी त्या दोन वर्षांच्या विद्यार्थ्यांना निरोप धाडले, की जुन्या मोबाइलात, जुन्या पत्रांत, कुठेही आपला लेख असेल तर पाठवा. चौसष्ट लेखांपैकी एकतीस आले. एका मुलीने आपल्या वडिलांवर लिहिले होते. ते साथीत गेले. तिच्याकडे तो लेख नाही. माझ्याकडेही नाही. त्यातले एक वाक्य मला आठवते, आणि ते बरोबर आठवते की नाही, याची खात्री नाही.

परवा, दिवाळीच्या सुट्टीआधी, परीक्षेच्या अर्जाची नवी सूचना लागली. भाऊसाहेबांनी ती स्वतः टंकली. फोटो काढला नाही. दुपारी माझा विद्यार्थी खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला.

"काय रे?"

"काही नाही सर. अर्ज भरून आलो. तारीख ऐकू आली, तेवढं सांगायला थांबलो."